एका रक्षाकलशाची घडण: पाळीव कुत्र्याच्या रक्षेसाठी हाताने केलेल्या पात्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण तीन जणांच्या एका कुटुंबाचे आणि त्यांच्यासाठी रक्षाकलश घडवणाऱ्या एका कुंभारकाम कलाकाराचे आहे. दोन्ही पक्षांच्या संमतीने ते येथे मांडले असून ओळख पटू शकेल असे तपशील वगळले आहेत. ग्लेझच्या (भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाच्या) चाचण्या आणि त्यांच्या नोंदी यांपुरता माझा या कामात सहभाग होता. उरलेली माहिती कलाकाराच्या वहीतून आणि कुटुंबाशी नंतर झालेल्या बोलण्यातून घेतली आहे.

कुटुंबात आई, वडील आणि शिक्षण संपत आलेली मुलगी होती. त्यांचा कुत्रा तेरा वर्षांचा होऊन दीर्घ आजाराने गेला. दहनानंतर त्याची रक्षा त्यांना जाड प्लास्टिकच्या बंद पिशवीत, नावाच्या चिठ्ठीसह मिळाली. ती तशीच कपाटात ठेवणे तिघांनाही जड जात होते. तयार कलश पाहून झाले, पण त्यांतला एकही त्यांना आपल्या कुत्र्याचा वाटेना, आणि म्हणून ते या कलाकाराकडे आले. कलाकार चाकावर स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या मातीची भांडी करते. तिला झाकणाच्या बरण्यांचा चांगला सराव होता, मात्र रक्षेसाठी पात्र तिने पूर्वी केलेले नव्हते.

मागणी आणि तिच्यात दडलेले प्रश्न

पहिल्या भेटीत कुटुंबाने मागितलेल्या गोष्टी ऐकायला सोप्या होत्या: अरुंद गळ्याचा, सुरईसारखा निमुळता कलश, त्यावर कुत्र्याचे नाव, त्याच्या पंजाचा खऱ्या मापाचा ठसा, आणि शक्य असल्यास थोडी रक्षा कलशाच्या ग्लेझमध्येच मिसळलेली. कुत्र्याच्या वाढदिवसापर्यंत कलश मिळावा, अशीही इच्छा होती.

यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसरीच्या आड येत होती. अरुंद गळ्यातून रक्षेची पिशवी आत जात नाही. पंजाचा ठसा मातीबरोबर आकसतो. ग्लेझमध्ये मिसळलेली रक्षा भट्टीच्या स्वाधीन होते, आणि भट्टीतून बाहेर येणाऱ्या प्रत्येक भांड्याची हमी कोणताही कुंभार देऊ शकत नाही. शिवाय झाकणाबाबत घरातच एकमत नव्हते. आईला कलश कायमचा बंद करून हवा होता. मुलीला मात्र तो पुन्हा उघडता यावा असे वाटत होते, पण तिने ते त्या वेळी ठामपणे सांगितले नाही.

आकारमानाचा हिशेब

कलाकाराचा पहिला खरा निर्णय आकारमानाचा होता. या क्षेत्रात सर्रास वापरला जाणारा ठोकताळा असा, की प्राण्याच्या दर पौंड वजनामागे एक घन इंच जागा धरावी, म्हणजेच दर किलोमागे सुमारे ३६ मिलिलिटर. वजन विचारल्यावर वडिलांनी शेवटच्या तपासणीतले वजन सांगितले: २२ किलो. त्या हिशेबाने सुमारे ८०० मिलिलिटरचे पात्र पुरायला हवे होते.

येथे कलाकाराने एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते पुढचे सगळे काम त्या प्रश्नाने सावरले: "आजारी पडायच्या आधी त्याचं वजन किती होतं?" उत्तर आले २८ किलो. दहनानंतर उरते ती मुख्यत्वे हाडांतली खनिजे, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. मांस आणि चरबी जळून जातात. आजारात वजन उतरते ते बहुतांशी मांस-चरबीचे असते, हाडांचा सांगाडा जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे अशक्त झालेल्या प्राण्याचे शेवटचे वजन धरून हिशेब केला तर पात्र हमखास लहान पडते. २८ किलो धरल्यावर आकडा १००० मिलिलिटरच्या थोडा वर गेला.

तरीही तिने ठोकताळ्यावर विसंबून काम सुरू केले नाही, कारण रक्षा किती बारीक दळलेली आहे यावरही तिने व्यापलेली जागा अवलंबून असते. तिने कुटुंबाला पिशवी न उघडता मोजमाप करण्याची पद्धत सांगितली: पिशवी सरळ भिंतीच्या भांड्यात हलकेच दाबून ठेवायची, ती जिथवर येते तिथे खूण करायची, पिशवी काढून घ्यायची आणि त्या खुणेपर्यंत भांड्यात किती पाणी मावते ते मोजायचे. उत्तर सुमारे ११५० मिलिलिटर आले. पिशवीच्या घड्या आणि हात फिरायला जागा धरून तिने १४०० मिलिलिटरचे पात्र करायचे ठरवले.

आता मातीचे आकुंचन. तिच्या मातीच्या पट्टीवर ओली असताना ओढलेली १० सेंटिमीटरची रेघ शेवटच्या भाजणीनंतर ८.८ सेंटिमीटर भरत होती, म्हणजे लांबीत १२ टक्के घट. नवखे कुंभार येथे एक चूक वारंवार करतात: घनफळही १२ टक्क्यांनीच कमी होईल असे धरतात. घट लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींत होते. ०.८८ चा घन केला की ०.६८ येते, म्हणजे ओल्या पात्राच्या केवळ ६८ टक्के जागा उरते. १४०० मिलिलिटर हवे असतील तर ओल्या मातीत सुमारे २०६० मिलिलिटरचे पात्र चाकावर उचलावे, म्हणजे घडवावे लागते. तिने २१०० धरले. चाकावर ते पात्र एवढे मोठे दिसत होते, की भेटीला आलेल्या मुलीला ते आपल्यासाठी नसावेच असे वाटले.

विचारात घेतलेले पर्याय

रक्षा मातीतच मिसळावी, हा पहिला पर्याय. तो वाटतो तितका विलक्षण नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जोसाया स्पोड यांनी स्थिर केलेल्या बोन चायनाच्या मिश्रणात जवळपास निम्मी हाडांची राख असते, आणि उरलेल्या भागात केओलिन (पांढरी चिनी माती) व फेल्डस्पार हे खनिज असलेला दगड असतो. परंतु ती राख गुरांच्या हाडांपासून काढलेली, नीट भाजलेली, धुतलेली आणि अतिशय बारीक दळलेली असते, आणि तरीही ती माती चाकावर ओढायला अवघड म्हणून ओळखली जाते. दहनातून मिळालेली रक्षा भरड असते. तिच्यात विरघळणारे क्षार असतात, ते माती सुकताना पृष्ठभागावर येतात. मोकळ्या चुन्याचे कण राहिले असतील तर ते भाजणीनंतर हवेतील ओलावा शोषून फुगतात आणि वरचा टवका उडवतात. सर्वांत मोठा आक्षेप तांत्रिक नव्हता. मातीत मिसळलेली रक्षा पात्र फुटले तर परत मिळत नाही.

दुसरा पर्याय लाल मातीच्या कमी तापमानाच्या पात्राचा होता. वडिलांना तो रंग आवडला होता. पण अशी माती भाजल्यावरही सच्छिद्र राहते. बाहेरचा दमटपणा आत जातो, रक्षेतील क्षार ओलावा धरतात आणि कालांतराने भिंतीवर पांढरा थर फुटू शकतो. कलाकाराच्या स्टोनवेअरची पट्टी कोरडी असताना २०० ग्रॅम होती, उकळत्या पाण्यात ठेवून भिजू दिल्यावर २०३ ग्रॅम भरली, म्हणजे पाणी शोषण्याचे प्रमाण १.५ टक्के. ती पट्टी वडिलांच्या हातात दिल्यावर त्यांनी रंगाचा आग्रह सोडला आणि स्टोनवेअरवर चालणारे तांबूस ग्लेझ निवडले.

न भाजलेल्या मातीचे, पाण्यात विरघळणारे पात्र हा पर्यायही तिने प्रामाणिकपणे पुढे ठेवला. कुटुंबाला रक्षा घरात ठेवायची होती, त्यामुळे तो लगेच बाजूला पडला.

राहिला प्रश्न ग्लेझचा. मुलीचा आग्रह इथेच होता, आणि तो समजण्यासारखा होता. रक्षा आत बंद असली तर ती दिसत नाही, हाताला लागत नाही. ग्लेझमध्ये गेली तर तिला रोज स्पर्श करता येईल, असे ती म्हणाली. कलाकाराने नकार दिला नाही, मात्र एक फरक स्पष्ट केला. कलश स्वतः धोक्याच्या वाटेने जाणार आहे. तो भट्टीत तडकला तर दुसरा करता येतो, पण त्याच्या अंगावर रक्षा असेल तर "दुसरा करू" हे वाक्य तितक्या सहजपणे म्हणता येणार नाही. म्हणून तिने सुचवले की रक्षेचे ग्लेझ कलशावर नको. तळहातात मावतील अशा लहान चकत्या करू, त्यांवरच ते लावू, आणि त्या जास्तीच्या करू. कलश साध्या ग्लेझचा राहील. या वेगळेपणाला तिघांनीही मान्यता दिली, आणि मला हा या प्रकरणातला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो.

प्रत्यक्ष काम

घाट बदलण्यापासून सुरुवात झाली. सुरईचा गळा सोडून तिने रुंद खांद्याची, भाजल्यावर ९ सेंटिमीटर तोंड राहील अशी बरणी आखली. एकाऐवजी दोन पात्रे एकाच मातीतून उचलली आणि हे कुटुंबाला आधीच सांगून ठेवले. प्रत्येकाचे झाकण त्याच दिवशी, त्याच मातीचे केले, कारण पात्र आणि झाकण वेगवेगळ्या ओलाव्याने सुकली तर त्यांचे माप जुळत नाही.

पंजाच्या ठशाला अपेक्षेपेक्षा अधिक विचार करावा लागला. कुटुंबाकडे कागदावर शाईने घेतलेला ठसा होता, रुंदी ६.२ सेंटिमीटर. तोच आकार मातीत उमटवला असता तर भाजल्यावर तो साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास आला असता, म्हणजे मोठ्या कुत्र्याचा पंजा लहान कुत्र्याचा झाला असता. ओल्या मातीच्या हिशेबाने ठसा सुमारे १४ टक्के मोठा करावा लागतो. पण तो उमटवायचा होता माती चामड्याइतकी घट्ट झाल्यावर, आणि तोवर थोडे आकुंचन होऊन गेलेले असते. कलाकाराने त्या अवस्थेतली पट्टी मोजली आणि ११ टक्के वाढ धरून ६.९ सेंटिमीटरचा शिक्का लिनोलियमवर (कोरता येणाऱ्या मऊ पत्र्यावर) कोरला. गोल भिंतीवर शिक्क्याच्या कडा टेकत नाहीत, म्हणून तिने आतून हाताचा आधार देऊन बाहेरून लाकडी फळीने थोपटत भिंतीचा तेवढा भाग किंचित सपाट केला. तयार कलशावर पंजा कागदावरच्या ठशाशी मिळून आला. आईने कागद शेजारी धरून पाहिला, आणि नंतर बराच वेळ त्या खोलगट जागेवरून बोट फिरवत राहिली.

नाव कोरतानाचा मुद्दा लहान आहे, पण देवनागरीत लिहिणाऱ्या प्रत्येक कुंभाराच्या उपयोगाचा आहे. शिरोरेखा ही एक लांब, सलग, आडवी चीर असते. ती खोल कोरली तर सुकताना तिथून तडा जायला वाट मिळते. कलाकाराने अक्षरे नेहमीच्या खोलीने कोरली, शिरोरेखा मात्र बोथट टोकाने फक्त दाबून काढली.

सुकवण्याची घाई केली नाही. पात्रे प्लास्टिकखाली, झाकणे जागेवर ठेवून हळूहळू सुकली. वाढदिवसाची तारीख गाठता येणार नाही हे तिने त्याच आठवड्यात फोन करून कळवले, आणि कुटुंबानेही ते ऐकून घेतले. पहिल्या भाजणीपूर्वी भट्टी रात्रभर १०० अंश सेल्सियसखाली ठेवली, कारण मातीत उरलेले पाणी वाफ होऊन पात्र फोडते. त्यानंतर सुमारे १००० अंशांपर्यंतची भाजणी झाली. ५७३ अंशांच्या आसपास, जिथे मातीतील क्वार्ट्झ आपली रचना बदलून एकदम प्रसरण पावते, तिथे चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा वेग कमी ठेवला होता.

भट्टी उघडल्यावर एका पात्राच्या बुडाला इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा बारीक तडा होता. चाकावर बूड पुरेसे दाबले गेले नाही, किंवा ते भिंतींपेक्षा उशिरा सुकले, की असा तडा पडतो. दुसरे पात्र निर्दोष निघाले. कलाकाराने कुटुंबाला छायाचित्र पाठवून सांगितले, आणि त्यांची प्रतिक्रिया शांत होती. तडकलेले पात्र त्यांच्यासाठी फक्त एक पात्र होते. त्यात त्यांचे काहीही गेले नव्हते.

दुसरी भाजणी सुमारे १२२० अंशांची. झाकण जागेवर ठेवूनच पात्र भाजले, म्हणजे दोघांचा गोलावा एकत्र टिकतो. दोन्ही टेकणाऱ्या कडा ग्लेझविना ठेवून त्यांवर ॲल्युमिना (भट्टीत न वितळणारी पांढरी पूड) मिसळलेले मेण लावले होते, नाहीतर झाकण चिकटते.

चकत्यांच्या ग्लेझची चाचणी आधी बाजारात मिळणाऱ्या हाडांच्या राखेवर केली. पारदर्शक ग्लेझमध्ये ३ टक्के घातल्यावर काहीच फरक दिसला नाही, ६ टक्क्यांना हलकी दुधाळ छटा आली, आणि १२ टक्क्यांना पृष्ठभाग कोरडा होऊन सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडली. या तापमानाला ही राख स्वतः वितळत नाही, त्यामुळे प्रमाण वाढवले की ग्लेझ ताठ होते आणि बुडबुडे अडकून राहतात. मूळ रक्षेचे प्रमाण ५ टक्के ठरले: ५० ग्रॅम सुक्या ग्लेझमागे अडीच ग्रॅम. ती मुलीनेच पिशवीतून काढून दिली. कलाकाराने मास्क लावून रक्षेवरून चुंबक फिरवला, कारण लोखंडाचा कण राहिला तर ग्लेझमध्ये तपकिरी डाग उठतो, आणि मग ती खलात घोटून बारीक चाळणीतून गाळली. क्षार काढण्यासाठी रक्षा धुवावी, असे मी सुचवले होते. मुलीने विचारले की धुतलेल्या पाण्याचे काय होणार, आणि त्या प्रश्नावर आम्ही धुण्याचा विचार सोडला. न धुतलेल्या रक्षेने ग्लेझ घट्ट होत जाते, म्हणून ते कालवल्याबरोबर लावले. वाटीच्या तळाशी उरलेले ग्लेझ शेवटच्या चकतीवर जाडसर घेतले आणि चाळणीवर राहिलेले कण कागदाच्या पुडीत घालून परत दिले.

परिणाम

कलश मागणीप्रमाणे झाला. पाण्याने मोजल्यावर तो १४२० मिलिलिटरचा भरला. पिशवी चिठ्ठीसह आत सहज बसली. चकत्यांपैकी जाड थराची एक फुगली आणि आणखी एकीवर छिद्रे राहिली. उरलेल्या चांगल्या निघाल्या, प्रत्येकाला एक मिळाली. बिघडलेल्याही मुलीने मागून घेतल्या. वडिलांनी चाचणीची टाइल आधी पाहून "एवढंच दिसणार?" असे विचारले होते, कारण दुधाळ छटेपलीकडे डोळ्यांना काही वेगळे दिसत नाही. तो प्रश्न टाइलच्या वेळी विचारला गेला हे बरे झाले. चकत्या हाती आल्यावर विचारला गेला असता तर त्याला उत्तर नव्हते.

झाकणाबाबत तडजोड झाली. सिलिकॉनने कायमचे चिकटवण्याऐवजी मधमाश्यांच्या मेणाने बंद केले. हे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यामुळे घरात ते टिकते आणि गरम हवेने सोडवता येते. काही महिन्यांनी मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी निघाली आणि तिने थोडी रक्षा सोबत मागितली. आईनेच झाकण उघडून दिले.

वेगळे काय करता आले असते

मुलीसाठी लहान डबी करायची वेळ आली तेव्हा त्या मातीचा आणि ग्लेझचा घाणा संपलेला होता. नव्या घाण्याची डबी कलशापेक्षा गडद निघाली. रक्षेची वाटणी होण्याची शक्यता पहिल्याच भेटीत विचारली असती तर त्याच मातीतून, त्याच भट्टीत एक-दोन डब्या भाजून ठेवता आल्या असत्या. झाकणाविषयीचे मतभेद त्या भेटीत दिसत होते. त्यांमागचे कारण कोणी विचारले नाही. कलाकार आता घरातल्या प्रत्येकाला हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारते, आणि तरुण मुलांना आईवडिलांसमोर नाही.

मेण ग्लेझविना ठेवलेल्या कडेत मुरले आणि झाकण उघडल्यावर तिथे पिवळसर डाग राहिला. मेणाऐवजी बुचाचे पातळ कडे बसेल अशी खाच सुरुवातीलाच ठेवणे अधिक चांगले होते.

मोजमापाबाबत माझे आणि कलाकाराचे मत आजही जुळत नाही. कुटुंबाने पिशवी स्वतः मोजावी, ती तिसऱ्याच्या हाती जाऊ नये, ही तिची भूमिका, आणि रक्षा कधीही स्टुडिओत मुक्कामाला न ठेवण्याचा तिचा नियम मला पूर्ण मान्य आहे. परंतु वडिलांनी नंतर सांगितले, की पिशवी भांड्यात दाबून ठेवणे हे त्यांना या सगळ्यातले सर्वांत कठीण काम वाटले आणि ते त्यांनी एकट्याने, बाकीचे दोघे घरी नसताना उरकले. कलाकाराने त्यांच्या घरी जाऊन, पिशवी त्यांच्याच हाती राहू देऊन, खूण करण्याचे आणि पाणी मोजण्याचे काम स्वतः करायला हवे होते असे मला वाटते. ती म्हणते की अशा घरात परक्या माणसाने मोजपट्टी घेऊन बसणे त्याहून जड गेले असते. पुढच्या कामात दोन्ही पर्याय कुटुंबापुढे ठेवून त्यांनाच निवड करू द्यायची, एवढ्यावर आम्ही सहमत झालो आहोत.